निवृत्त वैद्यकीय शिक्षकांचा सत्कार: कुडाळला, जानेवारीत. काय काय धरायचं?

कर्लीकाठ (मूळ प्रश्न)

तळकोकणातल्या आम्ही काही डॉक्टरांनी मिळून ठरवलंय, की ज्यांनी आम्हाला शिकवलं आणि निवृत्तीनंतर जे रत्नागिरी-सिंधुदुर्गात येऊन राहिले, त्या वैद्यकीय शिक्षकांचा एकत्र सत्कार करायचा. कुणी मुंबईत शिकवत होते, कुणी मिरजेत, कुणी पुण्यात. यादी अकरा जणांची झाली. वयं ६८ ते ८७. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मेडिसिन, सर्जरी, गायनॅक, पीएसएम (सार्वजनिक आरोग्य) असे विषय. चार बाई आहेत. एक सर व्हीलचेअरवर आहेत, एका मॅडमना विस्मरण आहे, आणि दोघांना प्रवास झेपणारच नाही असं घरच्यांनी सांगितलं आहे.

जानेवारीतला एखादा रविवार, कुडाळचा अडीचशे खुर्च्यांचा हॉल, खर्चाला तीन लाखांपर्यंत. आतापर्यंतचा बेत नेहमीचाच: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मानचिन्ह, मानपत्र, प्रमुख पाहुणे, जेवण. सत्कार पाहिले पुष्कळ, पण एवढ्या वयाच्या लोकांचा स्वतः केलेला नाही. वेळेचं गणित कसं बसवायचं, मानपत्रात काय लिहायचं आणि पैसे उरले तर काय करायचं, हे मुख्य प्रश्न. बाकी जे सुचेल ते सांगा.

---

फणसपोळी

जानेवारी उत्तम. गुरुपौर्णिमेचा किंवा १ जुलैच्या डॉक्टर्स डेचा हट्ट कुणी धरला तर ऐकू नका. ते दोन्ही भर पावसात येतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाड्या हळू धावतात, घाटात कधी दरड येईल सांगता येत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पाहायची ती जत्रा. आंगणेवाडीची तारीख पंचांगात मिळत नाही, देवीचा कौल झाल्यावर जाहीर होते. ती तुमच्या रविवाराला लागून आली तर मुंबईच्या गाड्या आणि कुडाळ-मालवणची लॉजं दोन्ही गेली म्हणून समजा. दुसरा रविवार मनात धरून ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मुंबईहून येणाऱ्यांना तारीख त्याच्या आधी कळायला हवी. पाहुणे वंदे भारतने येणार असतील तर ती कुडाळला थांबत नाही. कणकवलीला उतरवून गाडीने आणावं लागेल. कुठलीही गाडी असो, आदल्या दिवशीच आणा.

आता वेळ. मानपत्राचं वाचन १ मिनिट, शाल-श्रीफळ-मानचिन्ह १ मिनिट, फोटो अर्धं, सत्कारमूर्तींचे दोन शब्द २ मिनिटं, पुढच्या नावापर्यंतची हालचाल अर्धं. माणशी ५ मिनिटं. हॉलमध्ये नऊ जण येणार, म्हणजे ४५. प्रास्ताविक ५, पाहुणे १०, आभार ३, दीपप्रज्वलन ५, न येऊ शकणाऱ्या दोघांच्या चित्रफिती मिळून ४. एकूण ७२ मिनिटं. साडेदहाला सुरू केलं तर पावणेबाराला संपायला हवं. प्रत्यक्षात साडेबारा होतील. ते चालेल, दीड चालणार नाही. यादीतले निम्मे तरी मधुमेहाचे असणार आणि इन्सुलिन घेणाऱ्यांचं जेवण घड्याळावर असतं.

गणित मोडतं ते पाहुण्यांमुळे आणि फोटोमुळे. पाहुणा एकच ठेवा, तोही डॉक्टर नसला तरी चालेल पण वेळ पाळणारा हवा. फोटोवाल्याला आधीच सांगा, प्रत्येकाचे दोनच क्लिक, 'सर इकडे बघा' तीनदा नाही. सगळ्यांचा एकत्र फोटो कार्यक्रमाच्या आधी काढा, चहाच्या वेळी. शेवटी ठेवला की दोघं निघून गेलेले असतात, तिघं दमलेले असतात.

क्रम वयाने लावा, सर्वांत ज्येष्ठ पहिले. विभागप्रमुख आधी की सहयोगी प्राध्यापक आधी, हा वाद त्याने मिटतो, आणि ८७ वर्षांचे सर अर्ध्या तासात मोकळे होतात. बसायचं नसेल तर घरी जाऊ शकतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: त्यांना मंचावर चढवू नका. दोन फूट उंचीच्या मंचाला १ला १२ या उताराने रॅम्प करायचा तर २४ फूट लांबी लागते, तेवढी जागा हॉलमध्ये नसते. मग कार्यकर्ते व्हीलचेअर चौघं मिळून उचलतात आणि सगळं सभागृह श्वास रोखून बघत बसतं. त्यापेक्षा सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत, प्रेक्षकांकडे तिरकं तोंड करून, अर्धगोलात बसवा. पाहुणा आणि निवेदक त्यांच्याकडे जातील. शिक्षक बसलेले आणि विद्यार्थी वाकलेले, यात गैर काही नाही, उलट तेच शोभतं.

खुर्च्या हाताच्या, टणक, बैठक जमिनीपासून साधारण दीड फुटावर. भाड्याचे ते मखमली सोफे अजिबात नकोत. गुडघे बदललेला माणूस त्यात एकदा बसला की दोघांनी ओढल्याशिवाय उठत नाही.

---

आंबोलीचं धुकं

मानपत्राबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त वाया जाते ती हीच गोष्ट. बाजारात तयार मजकूर मिळतो: 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य', 'दीपस्तंभ', 'आपल्या कर्तृत्वाचा सुगंध'. नाव बदललं की कुणालाही चालतो. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांना चालतो, पतपेढीच्या चेअरमनलाही चालतो. जे कुणालाही चालतं ते कुणाचंच नसतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव निघालं की लोक 'थोर धन्वंतरी' म्हणत नाहीत, 'विंचवावर प्राझोसिन' म्हणतात, म्हणजे विंचूदंशावर त्यांनी वापरलेलं औषध. पद्मश्री २०२२ला मिळाली, पण ओळख त्या दोन शब्दांत आहे. तशी एक ओळ प्रत्येक शिक्षकाची शोधून काढा. ती त्यांना विचारून मिळत नाही, ते 'मी काय विशेष केलं' म्हणतील. त्यांच्या तीन वेगवेगळ्या बॅचच्या तिघांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: त्यांनी शिकवलेलं तुम्ही आज ओपीडीत काय वापरता? 'खूप छान शिकवायचे' असं उत्तर आलं तर फोन ठेवू नका, उदाहरण मागा. फुरसं (विषारी साप) चावलेल्याचं रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का बघायचं, हे वॉर्डात उभं राहून दाखवणारे. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी हत्यार हातात द्यायच्या आधी देहदात्याला नमस्कार करायला लावणारे. दोडामार्ग-बांद्याकडे २०१६-१७ला माकडताप आला तेव्हा गोचीड वेचायला विद्यार्थ्यांबरोबर रानात गेलेले पीएसएमचे कुणी यादीत असतील, तर ते लिहा. असं एक वाक्य मिळालं की बाकीचं मानपत्र आपोआप लहान होतं.

लांबी नव्वद ते एकशे दहा शब्द. मोठ्याने, सावकाश वाचलं तर शंभर शब्दांना साधारण मिनिट लागतं. पहिलं वाक्य त्या ओळीचं. नंतर विषय, संस्था, वर्षं. शेवटी 'आपले विद्यार्थी' एवढंच. अध्यक्ष-सचिव-खजिनदार अशा पाच सह्यांची रांग नको.

तपशिलात नेहमी होणाऱ्या चुका:

एक, विद्यापीठ. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला १९९८ला सुरू झालं. १९८०च्या दशकात शिकवणाऱ्यांच्या पत्रात ते घालू नका. तेव्हा मुंबईची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला आणि मिरज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं होतं.

दोन, पदं. आजचे 'सहायक प्राध्यापक' तेव्हा 'अधिव्याख्याता' असत. सेवा मोजताना डेमॉन्स्ट्रेटर किंवा ट्यूटर म्हणून गेलेली वर्षं धरायची की नाही ते एकदा ठरवा आणि अकराही जणांना तोच नियम लावा. एकाची ३१ वर्षं आणि त्याच्याच बरोबरीच्याची २७ अशी छापून आली, की जेवणाच्या टेबलावर विषय निघतोच. शासकीय कॉलेजातून निवृत्त होऊन नंतर खासगीत ७०व्या वर्षापर्यंत शिकवलेले असतील तर दोन्ही लिहा, बेरीजही करा.

तीन, विषयांची मराठी नावं. औषधशास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी, औषधवैद्यकशास्त्र म्हणजे मेडिसिन. डीटीपीवाला 'वैद्यक' गाळतो आणि मेडिसिनचे प्राध्यापक फार्माकॉलॉजीचे होऊन बसतात. शंका असेल तिथे सरळ 'मेडिसिन' छापा, कुणाला राग येत नाही.

चार, 'डॉ.' अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्रीत काही शिक्षक एमएस्सी करून आलेले असतात. पीएचडी नसेल तर 'डॉ.' लावल्याने त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. 'प्रा.' लिहा.

नाव ते स्वतः सही करतात तसं. ऱ्हस्व-दीर्घासकट. अंतिम मजकूर घरच्या एका माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून 'बरोबर' असं लेखी उत्तर घ्या. फोनवर 'हो हो ठीक आहे' याला अर्थ नाही.

---

दर्यावर्दी

मानचिन्ह. कोकणात दिलेली वस्तू दोन पावसाळे टिकली पाहिजे, एवढा एकच निकष लावा.

एमडीएफवर (दाबलेल्या भुश्याच्या फळीवर) चिकटवलेली पितळी पट्टी ही सगळ्यात जास्त खपणारी आणि सगळ्यात आधी मरणारी वस्तू. जूनमध्ये कडा फुगतात, ऑगस्टमध्ये पट्टीचा एक कोपरा सुटतो, गणपतीत कुणीतरी ती कपाटामागे ठेवतं. लाकूड हवं तर फणसाचं किंवा सागाचं, पुरतं वाळलेलं, सगळ्या बाजूंनी पॉलिश केलेलं. मागची बाजू कोरी सोडतात, ओल तिथूनच शिरते. पितळ असेल तर वर लॅकरचा हात आहे का विचारा. चांदीचा मुलामा नको, काळा पडतो. वजन पाऊण किलोच्या आत, एका हातात धरता येईल असं.

सावंतवाडीचं काम करून घ्यायचं असेल तर चितारआळीत लाकडाचं आणि गंजिफाचं (हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं) काम करणारे आहेत. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० पानं असतात, पण तुम्हाला आख्खा संच नकोय. गंजिफाच्या नक्षीची चौकट आणि आत नाव, एवढं सुरेख दिसतं. हातकाम आहे, आठवड्यात होत नाही. ऑक्टोबरमध्येच सांगा.

अक्षरं कोरायला देताना जोडाक्षरं तपासा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'ॲ', 'ऱ्य', 'ऱ्ह' फुटतात आणि 'र्‍'चा अर्धा तुकडा हवेत लटकतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ द्या आणि त्यांनी अक्षरांचं आकृतीत रूपांतर केल्यावर छापील नमुना मागा. पडद्यावरचा फोटो पुरेसा नाही.

मानपत्राची फ्रेम: शाईची छपाई असेल तर पिगमेंट शाई, डाय शाई दमट हवेत पसरते. कागद आणि काच यांच्यात माउंट हवं, नाहीतर कागद काचेला चिकटतो आणि काढताना अक्षरं काचेवर राहतात. मागे बुरशी धरणारा पिवळा पुठ्ठा नको. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे ठिपके लावा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळेल. ज्यांना एसटीने किंवा रेल्वेने परत जायचंय त्यांना काचेऐवजी अ‍ॅक्रिलिक. अक्षरं १६ पॉइंटच्या खाली नकोत. ते पत्र भिंतीवर गेल्यावर रोज वाचणारा माणूस ८० वर्षांचा आहे.

शालीचं सांगायला नको, पण सांगतो. कुडाळला जानेवारीतही दुपारी तिशीच्या वर पारा जातो. लोकरीची शाल पांघरून पंख्याखाली पाऊण तास बसवणं हा सत्कार नव्हे. सुती उपरणं किंवा पातळ सुती शाल घ्या. आणि प्रत्येकाच्या नावाची एक कापडी पिशवी खुर्चीमागे ठेवा. शाल, नारळ, फ्रेम, मानचिन्ह, फुलं, पाच वस्तू आणि एक हात काठीवर. दुसऱ्या माणसाने लगेच सगळं पिशवीत भरायचं.

---

कर्लीकाठ

सर्वांचे आभार, यातल्या निम्म्या गोष्टी डोक्यात आल्याच नव्हत्या. मंचाचं पटलं.

दोन अडचणी. एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने मानचिन्हांचा खर्च उचलायची तयारी दाखवली आहे. आणि आमच्यातल्या काहींचं म्हणणं, एका शासकीय कॉलेजात अजून नोकरीत असलेल्या विभागप्रमुखांचाही याच वेळी सत्कार करून टाकू. करावं का?

---

हिशेबनीस

दोन्हीला नाही.

औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू घेण्यावर मेडिकल कौन्सिलच्या आचारसंहितेत २००९ला बंदी आली. मार्च २०२४ला औषध कंपन्यांसाठी जी विपणन संहिता आली, तिनेही डॉक्टरांना आणि त्यांच्या घरच्यांना वैयक्तिक भेटी द्यायला मनाई केली आहे. मानचिन्ह ही भेटवस्तूच. आयुष्यभर विद्यार्थ्यांना नियम शिकवलेल्या माणसाच्या हातात ते देऊ नका. बॅनरवर नाव नको म्हणाले तरीही नको.

नोकरीत असलेल्यांबद्दल: महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याने जाहीर सत्कार, मानपत्र किंवा त्याच्या नावे गोळा केलेला निधी घ्यायचा तर शासनाची पूर्वपरवानगी लागते. निवृत्तीचा खासगी, अनौपचारिक निरोप त्यातून वगळलेला आहे, तुमचा अडीचशे खुर्च्यांचा कार्यक्रम नाही. त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, फूल द्या, थांबा. निवृत्त झाल्यावर पुढच्या वेळी.

आता उरलेले पैसे. तुम्ही तीन लाख म्हणता. अकरा जणांचा नीट कार्यक्रम त्याच्या निम्म्यात बसवता येईल, जर मंडपाच्या कमानी, फुलांच्या रांगोळ्या आणि फ्लेक्स टाळलेत तर. उरलेलं एखाद्या महाविद्यालयात त्या शिक्षकांच्या विषयासाठी वार्षिक पारितोषिक म्हणून ठेवता येतं. दीड लाखाच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी ९,७५० रुपये येतात. एवढ्यात एक पुस्तक-पारितोषिक आणि प्रमाणपत्र आरामात होतं.

करार करताना 'सुवर्णपदक' हा शब्द कागदावर आणू नका. सोनं तोळ्याला लाखाच्या पुढे गेलं आहे, व्याजदर मात्र तसे वाढत नाहीत. जुन्या ठेवींवर ठेवलेली सुवर्णपदकं चांदीवरच्या मुलाम्यावर येतात ती याचमुळे. 'ठेवीच्या त्या वर्षीच्या व्याजातून पारितोषिक' असं लिहा म्हणजे रक्कम कमी-जास्त झाली तरी अट मोडत नाही. निवडीचा निकष मोजता येणारा हवा: अमुक विषयात विद्यापीठ परीक्षेत कॉलेजात पहिला. 'गुणी व होतकरू' लिहिलंत की दरवर्षी भांडण. आणि त्या वर्षी कुणी पात्र नसेल तर व्याज मुद्दलात जावं, हे वाक्य विसरू नका.

वर्गणी गोळा करताना ती कुणा एकाच्या बचत खात्यात घेऊ नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असलेली तुमची माजी विद्यार्थी संस्था असेल तर तिच्या खात्यात, पावतीसकट. देणगीवर ८०जीची करसवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता हवी आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती सवलत तशीही नाही, तेव्हा 'टॅक्स वाचेल' सांगून कुणाकडे मागू नका.

---

सुरंगी

वरचं सगळं हॉलमधल्या नऊ जणांचं झालं. मला न येणाऱ्या दोघांबद्दल आणि विस्मरण असलेल्या मॅडमबद्दल लिहायचंय.

घरी जाऊन केलेला सत्कार हा दुय्यम नाही, तो तसा करू नका. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात जा, नंतर नाही. 'उरलेलं वाटप' वाटता कामा नये. तेच मानपत्र, तेच मानचिन्ह द्या, माणसं मात्र तेवढी नकोत. चौघांपेक्षा जास्त जाऊ नका. घरच्यांना विचारून वेळ घ्या, अंघोळ-नाश्ता-औषधं उरकल्यावर, म्हणजे साधारण दहा ते साडेअकरा. पाऊण तासाच्या आत निघा. तिथे दोन मिनिटांची चित्रफीत घ्या: मोबाइल आडवा, खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, पंखा बंद, कॉलरला लावायचा छोटा माइक. पार्किन्सन्स असलेल्यांचा आवाज खोल गेलेला असतो, मोबाइलचा स्वतःचा माइक फक्त कोंबडा आणि रिक्षा टिपतो. हीच फीत रविवारी हॉलमध्ये दाखवा आणि सभागृहातल्या टाळ्या रेकॉर्ड करून संध्याकाळी त्यांच्याकडे पाठवा.

विस्मरण असलेल्या मॅडम. त्यांना आणायचं की नाही हे मुलीने किंवा सांभाळणाऱ्या बाईंनी ठरवावं, समितीने नाही. आणायचं ठरलं तर सकाळचाच कार्यक्रम, कारण दुपार उलटली की गोंधळ वाढतो. भेटणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगा: 'मॅडम, ओळखलंत का?' हा प्रश्न विचारायचा नाही. त्यांच्यासाठी ती व्हायवा (तोंडी परीक्षा) असते, आणि अडीचशे जणांसमोर त्या नापास होतात. जवळ बसायचं, डोळ्यांच्या पातळीवर, आणि स्वतःच सांगायचं: 'मॅडम, मी ९१च्या बॅचची, लेबर रूममध्ये तुमच्या हाताखाली होते.' मग त्यांना आठवलं तर आठवलं. हातात माइक द्यायचा नाही. त्यांच्या वाट्याची दोन मिनिटं एका विद्यार्थिनीने बोलावं.

चारही बायांचा सत्कार पुरुषांसारखाच करा. ओटी, हळदकुंकू, 'सौ.' हे मंचावर आणू नका. कुणी विधवा असेल, कुणी अविवाहित, आणि ऐनवेळी कुंकवाचं ताट एकीपुढे थांबून दुसरीला ओलांडून गेलं की तो क्षण कुणी विसरत नाही. सगळ्यांना तीच शाल, तोच नारळ. फुलांचं म्हणाल तर प्लास्टिकच्या कागदातले जरबेरा नकोत. सुरंगी जानेवारीत मिळेलच असं नाही, ती फेब्रुवारीपासून पुढची. सोनचाफा किंवा अबोलीचा छोटा वळेसर द्या. माझं नाव सुरंगी असलं तरी आग्रह नाही.

जोडीदाराची खुर्ची शेजारी ठेवा, पण 'आता उभयतांचा सत्कार' ही घोषणा नको. ज्यांचा जोडीदार गेला आहे त्यांच्या शेजारची खुर्ची मग सगळ्यांना दिसते. सोबत मुलगा असो, सून असो, मदतनीस असो, सोबतच्या प्रत्येकाला एक फूल. पुरे.

आणि यादी एकदा परत बघा. क्लिनिकलचे प्राध्यापक सगळ्यांना आठवतात कारण त्यांची प्रॅक्टिस चालते. पहिल्या वर्षाला शिकवून विसरले गेलेले बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, फॉरेन्सिकचे कुणी राहिलेत का?

---

फणसपोळी

सुरंगीशी पूर्ण सहमत. 'ओळखलंत का' हे तर सगळ्यांच्याच बाबतीत बंद व्हायला हवं. चाळीस बॅचेस शिकवलेल्या माणसाने टक्कल पडलेल्या मुलांना कसं ओळखायचं?

राहिलेलं: समई. पंखे बंद केल्याशिवाय ती पेटत नाही आणि पाच जण पाच मिनिटं काड्या ओढत राहतात. वाती आदल्या रात्री तेलात भिजवा, टोकाला कापराची चिमूट लावा, लांब दांड्याची मेणबत्ती घ्या, पेटली की लगेच पंखे चालू. पदर आणि शाल दोन्ही ज्योतीपासून लांब. सत्कारमूर्तींपैकी कुणाला त्यासाठी उठवू नका.

कुणीतरी गाऱ्हाण्याची (देवाला मोठ्याने घालायच्या साकड्याची) सूचना करेल, तळकोकणात करणारच. घाला, बहार येते. पण घालणारा माणूस दीड मिनिटात 'व्हय महाराजा' संपवणारा बघा. एकदा रंगला की बारा गावच्या देवांना हाक मारून येईपर्यंत पाव तास जातो.

---

आंबोलीचं धुकं

जेवणाचं कुणी बोललं नाही.

बुफे नको. सत्कारमूर्तींना टेबलावर वाढा, प्रत्येकाजवळ एक तरुण डॉक्टर बसवा. मासे ठेवणार असाल तर सुरमईचे काटा काढलेले तुकडे. बांगडा कितीही ताजा असला तरी दातांचा आणि डोळ्यांचा प्रश्न असलेल्यांना नको. घावणे, मऊ भात, पातळ डाळ, कमी तिखटाची एक भाजी हवीच. सोलकढीत मीठ आधी घालू नका, बाजूला ठेवा.

स्वागताला शहाळं द्यायची पद्धत आहे. ते विचारून द्या. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि या वयात मूत्रपिंड कमजोर असलेले किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या घेणारे असणारच. त्यांना ते बाधतं हे त्यांना स्वतःला माहीत असतं, पण समोर धरलेलं शहाळं नाकारायला संकोच वाटतो. कोकम सरबत बिनसाखरेचंही ठेवा. निमंत्रणाबरोबरच घरच्यांना चार प्रश्न पाठवा: खाण्यातलं पथ्य, चालायला आधार काय लागतो, ऐकायला येतं का, औषधाची वेळ कोणती.

एक टेबल वैद्यकीय मदतीचं. हसू नका. दीडशे डॉक्टर जमतात आणि ग्लुकोमीटर एकाच्याही खिशात नसतो. ग्लुकोमीटर, बीपीचं यंत्र, ऑक्सिमीटर, ग्लुकोज, ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, अ‍ॅस्पिरिन, आणि दारात रुग्णवाहिका नाही तरी चालकासह एक रिकामी गाडी.

---

कर्लीकाठ

शहाळ्यांची ऑर्डर देणारच होतो! चार प्रश्नांचा कागद आजच करतो. बायोकेमिस्ट्रीच्या एका सरांचं नाव खरंच राहिलं होतं, सावंतवाडीला असतात. बारा झाले, म्हणजे ७७ मिनिटं. औषध कंपनीला नम्रपणे नाही कळवलं.

एकच उरलं. हॉलमधलं स्वच्छतागृह मागच्या अंगणात आहे, तीन पायऱ्या उतरून, आणि भारतीय पद्धतीचं.

---

फणसपोळी

मग हॉल बदला. तारीख ठरली नसेल तर अजून वेळ आहे. कमोड, बाजूला धरायला दांडा, कोरडी फरशी आणि पायरी नसलेली वाट, हे नसेल तर ते लोक आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करतात, लघवीची गोळी चुकवतात, आणि दोन तासांनी चक्कर येते. हॉल बदलणं अशक्यच असेल तर भाड्याची कमोड खुर्ची आणि पायऱ्यांवर घट्ट बसवलेली फळी हा तात्पुरता उपाय आहे, पण फळी न घसरणारी हवी आणि तिथे एक माणूस पूर्ण वेळ उभा हवा. नवीन हॉल बघायला जाल तेव्हा आधी मागचं दार उघडा, मंच नंतर बघा. जनरेटर पंख्यांना पुरतो की फक्त माइकला, तेही तिथेच चालू करून बघा.